वेसआईच्या एका पानाची कहाणी

ऐका बायांनो, वेसआईची कहाणी. हातात चार दाणे धरा, मन इकडं ठेवा. हुंकार देत राहा, मधेच कुणी उठू नका.

नदीच्या वळणावर आटपाट नगर वसलं होतं. नगराला तट होता, तटाला वेस होती. वेशीच्या आत देवळं होती, बाजार होता, चिरेबंदी घरं होती. वेशीच्या बाहेर कुडाच्या झोपड्या होत्या. आतली माणसं बाहेरच्यांना शिवत नसत. बाहेरची माणसं आतल्यांच्या सावलीपासूनसुद्धा लांब चालत. असं किती काळ चाललं होतं? कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारीतही नसे.

त्या नगरात रायाजी देसाई राहत होता. गोठ्यात गुरं होती, घरात दूधदुभतं होतं, कणग्या दाण्यांनी भरल्या होत्या. त्याची बायको सगुणा. हातानं कामसू, मनानं मऊ. पण पोटी मूल नव्हतं. रायाजीची आई घरात मोठी. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. थोरल्या बाई काय करीत? सकाळी उठत, सुनेचं तोंड पाहत आणि उसासा टाकीत. सगुणेला तो उसासा दिवसभर पुरे.

मग सगुणेनं काय केलं? पिंपळाला फेऱ्या घातल्या. फळ आलं नाही. मग सोळा सोमवार केले. फळ आलं नाही. मग पुराणिकबोवांनी सांगितलं तसे तुपाचे दिवे लावले. तरी फळ आलं नाही. एके दिवशी आषाढात ती नदीवरून घरी येत होती. वेशीत आली, तिथं तिचे पाय जड झाले. मग कळशी खाली ठेवली आणि दगडावर बसून रडू लागली.

तिथं एक म्हातारी बसली होती. लुगड्याला ठिगळं, डोक्याला जटा, पायांना भेगा.

म्हातारी म्हणाली, "मुली मुली, का रडतेस?"

सगुणा म्हणाली, "आजी आजी, तुला सांगून काय होणार?"

"न सांगून तरी काय होणार? ते राहू दे. माझं डोकं फार खाजतंय गं. जरा उवा बघतेस?"

सगुणेला किळस आली. म्हातारी कोण, कुठली, तेही ठाऊक नव्हतं. पण तिनं पाहिलं, म्हाताऱ्या बोटांना जोर नाही, खाजवून खाजवून मानेवर रक्त आलंय. मग तिला राहवलं नाही. ती म्हातारीच्या पाठीमागं बसली, जटा मोकळ्या केल्या, उवा काढल्या. म्हातारीचा डोळा लागला. जागी झाली तशी प्रसन्न झाली.

म्हणाली, "मुली, तुला वसा सांगते, तो घे."

"काय तो वसा?"

"आषाढातल्या मंगळवारी इथं वेशीत यावं. जागा सारवावी, एक पत्रावळ मांडावी. तिच्यावर भाकरी, कुळथाचं पिठलं, गुळाचा खडा वाढावा. आतून येवो, बाहेरून येवो, जी बाई येईल तिला बसवावं. तिचं नाव विचारू नये, तिचं घर विचारू नये, ती कोणाची ते विचारू नये. तिच्यासंगं त्याच एका पानात जेवावं. मूल झालं की त्याला मांडीवर घेऊन बसावं. ते पाच वर्षांचं झालं की त्याच्या हातानं पहिला घास द्यावा. म्हणजे वसा पुरा झाला."

"आजी, हा कोणत्या देवाचा वसा?"

"वेशीत बसते तिचा. मला आतलं दिसतं आणि बाहेरचंही दिसतं. पण बाई, पदर भरला की हात आखडतो, तसं करू नकोस."

सगुणेनं मान खाली घालून हात जोडले. मान वर केली तर म्हातारी नाही. तिथं एक शेंदराचा दगड होता.

मग मंगळवार आला. सगुणेनं जागा सारवली, पान मांडलं. पहिली आली बांगड्या विकणारी. ती हसत बसली, हसत जेवून गेली. दुसऱ्या मंगळवारी आली एक आंधळी भिकारीण. तिनं चाचपडत घास घेतले, सगुणेनं तिच्या बोटांशी भाकरी सरकवली. तिसऱ्या मंगळवारी कोण आली? वेशीबाहेरची कोंडाई आली. कोंडाई सुईण होती. आतल्या घरांतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मली होती. लेकरू जन्मेपर्यंत तिला माजघरात जागा असे. बाळंतीण न्हाली की तिला परसदारीसुद्धा लांब उभं करीत.

सगुणा म्हणाली, "बाई, जेवायला बस."

कोंडाई मागं सरली. "धाकल्या बाई, माणूस ओळखलं न्हाई काय? म्या कोंडाई."

"ओळखलं. पण नाव विचारायचं नाही असा वसा आहे. बस."

"तुमच्या पानात?"

"माझं कुठलं? हे आईचं पान आहे."

कोंडाईनं वेशीच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं. मग पदरानं हात पुसले आणि बसली. सगुणेचा पहिला घास घशात अडला. दुसरा सहज गेला. मग दोघी बोलू लागल्या, पिठल्यात मीठ कमी आहे यावर दोघींचं एकमत झालं.

पुढं दिवस गेले. सगुणेला डोहाळे लागले. नऊ महिने भरले, कळा सुरू झाल्या, कोंडाईला बोलावणं गेलं. लेकरू बाहेर आलं ते निळं. गळ्याला नाळ गुंडाळलेली, रडणं नाही, हालणं नाही. थोरल्या बाईंनी कपाळाला हात लावला. कोंडाईनं नाळ सोडवली आणि लेकराच्या तोंडाला तोंड लावून हलकी फुंकर घातली. मग पुन्हा घातली. मग पुन्हा घातली. तशी लेकरानं टाहो फोडला. कोंडाईनं दारात जाऊन थाळा वाजवला. मुलगी झाली. तिचं नाव मथू ठेवलं.

बारशाला कोंडाईला आत बोलावलं नाही. परसाच्या कुडावरून तिच्या ओटीत लुगडं-खण टाकले. सगुणेनं ते पाहिलं आणि मांडीवरच्या लेकीची कुंची नीट केली.

पहिल्या आषाढात ती मथूला मांडीवर घेऊन वेशीत गेली. वसा नीट केला. दुसऱ्या आषाढात घरात पाहुणे होते, तिनं गड्याच्या बायकोबरोबर भाकरी पाठवली. तिसऱ्या आषाढात रात्रीचं उरलेलं पाठवलं. चौथ्या आषाढात काहीच पाठवलं नाही. पदर भरला होता.

आता मथू कशी होती ते ऐका. मथू रांगत होती तेव्हापासून तिच्या हातात काही टिकत नसे. लाडू मिळाला की अर्धा मांजराला देई. कोणाचं मूल रडलं की हिचाही ओठ वाकडा होई. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण तीच मथू अनोळखी तोंड पाहिलं की आईच्या पदराआड लपे. राख फासलेला गोसावी दारी आला, मथू किंचाळली. रायाजीचा चुलता वारला, त्याचे दिवस झाले, रायाजी डोकं आणि मिशा उतरवून घरी आला, तर मथूनं बापालाही ओळखलं नाही. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. सगळे हसले.

त्या वर्षी कोंडाईला देवी आल्या. ती जगली, पण तोंडावर वण राहिले. महिनोन् महिने तिनं मथूला पाहिलं नव्हतं. ती परसदारी ताक न्यायला आली आणि म्हणाली, "माझी मथू कुठं हाय?" मथूनं ते वणावणांचं तोंड पाहिलं आणि ओरडून आईला बिलगली.

थोरल्या बाई म्हणाल्या, "बघा! अजून धड बोलता येत नाही, पण लेकराला कळतं. हे उपजतच असतं. रक्तातच असतं."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. कोंडाई ताक घेऊन मुकाट्यानं गेली. सगुणेच्या मनात आलं, असेलही. देवानंच तसं घडवलं असेल, मग माझा काय दोष?

कोंडाईबरोबर तिची नात येई. तिचं नाव ठकू. मथूच्याच वयाची. मथू चार वर्षांची झाली तशी एके दिवशी तिनं कुडाच्या फटीतून ठकूला पाहिलं. फटीतून गुळाचा खडा दिला. ठकूनं फटीतून तिला पीस दिलं. मग दोघी कुडाच्या दोन्ही बाजूंना बसून खेळू लागल्या. मग कूड ओलांडून खेळू लागल्या.

थोरल्या बाईंनी पाहिलं. हाताला धरून मथूला आणली, न्हाणीत उभी केली, गार पाण्याचा घडा डोक्यावर ओतला.

मथू म्हणाली, "मी सकाळी न्हाले होते."

"तिला शिवलीस म्हणून."

"शिवलं तर काय होतं?"

"ती तसली आहे."

"तसली म्हणजे कसली?"

ते थोरल्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "देव कोपतो."

मथू आईकडं वळली. "आई, देव कोपतो?"

सगुणा पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "आजी सांगते ते ऐकावं."

दुसऱ्या दिवशी मथू पुन्हा गेली, पुन्हा गार पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा ओतलं. तिला हुडहुडी भरली, दात वाजू लागले. चौथ्या दिवशी ठकू कुडापाशी आली आणि "मथू, मथू" म्हणून हाक मारू लागली. मथूनं अंगणातला दगड उचलला आणि मारला. तो ठकूच्या भुवईवर लागला. रक्त आलं. ठकू रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. मग पळून गेली.

थोरल्या बाई म्हणाल्या, "शहाणी झाली गं माझी बाय!" आणि मथूच्या हातावर पेढा ठेवला. रायाजी ओसरीवर होता, तो हसला. सगुणाही हसली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. कशानं गेलं नाही, तेही तिला नीट कळलं नाही.

इकडं वेसआईला राग आला. तिनं काय केलं? ना घर जाळलं, ना गुरं मारली. मथू जे शिकली होती ते तिला पुरतं शिकू दिलं.

झालं असं. बांगड्यावाली घरी आली आणि बोलता बोलता म्हणाली, "धाकल्या बाई, तुमच्या वशाची आठवण येते हो. माझ्यानंतर म्हणे कोंडाई तुमच्या पानात जेवली!" थोरल्या बाईंनी ऐकलं. त्यांनी आरडाओरडा केला. "माझ्या घरात ही विटाळ घेऊन फिरली! आणि त्या कोंडाईनं तोंडानं फुंकर घातली तेव्हाच मी ओळखलं होतं!" मथू दारामागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुपारी सगुणेनं पान वाढलं, मथूला भरवायला घास केला. मथूनं हात मागं घेतला.

"मला शिवू नको."

"अगं, का?"

"तू तसली आहेस. तू तिच्या पानात जेवलीस."

सगुणेच्या हातातला घास हातातच राहिला. मग थोरल्या बाई भरवायला आल्या. मथू म्हणाली, "तू पण नको. आई तुला शिवते." मग रायाजी आला. "तू पण नको. आई तुझं पान वाढते." मग मथू आपल्याच हातांकडं पाहू लागली. तिच्या तोंडात कोंडाईची फुंकर गेली होती. तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. पुन्हा धुतले. अन्नाला हात लावीना.

तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मथू पाण्याच्या घोटावर राहिली, तोही आपला आपण घेई. गाल बसले, डोळे खोल गेले. वैद्यानं काढा दिला, तिनं वैद्याचा हात झटकला. पुराणिकबोवांनी अंगारा आणला, ती म्हणाली, "तुम्ही कोणाकोणाला शिवलात?" बोवा खाली मान घालून गेले. थोरल्या बाई रडत म्हणाल्या, "बाळा, आम्ही तसले नाही गं." मथू म्हणाली, "तसली म्हणजे कसली?" थोरल्या बाई पदरात तोंड घालून बाहेर गेल्या.

मग सगुणा उठली. पायांत काही न घालता धावत वेशीत गेली. तिथं म्हातारी बसली होती, पण तिनं पाठ फिरवली होती.

सगुणा म्हणाली, "आई, चुकले. पण मला एक सांग. हे तूच तिच्या कपाळी लिहून पाठवलंस का? सासूबाई म्हणतात, उपजतच असतं. बोवा म्हणतात, धर्मानं सांगितलंय. मी काय केलं, ते मला सांग."

म्हातारी म्हणाली, "मी तिला पाठवली तेव्हा कळवळा देऊन पाठवली. आणि अनोळखीचं भय देऊन पाठवली. दोन्ही लागतात लेकराला. भय नसेल तर विंचू हातात धरील. पण ते भय आंधळं होतं गं. त्याला कोंडाई ठाऊक नव्हती. तुझ्या नवऱ्यानं मिशा काढल्या तेव्हाही ती तशीच रडली. तेव्हा कोणी म्हटलं का, की तिला बापाचा विटाळ उपजत कळतो?"

सगुणा म्हणाली, "नाही."

"कोंडाईला पाहून रडली तेव्हा तुम्ही त्या भयाला बोट धरून वाट दाखवलीत. गार पाणी ओतून ती वाट पक्की केलीत. आणि वर माझं नाव घातलंत."

"पण धर्म?"

"माझ्या नावानं तू कोंडाईच्या संगं जेवलीस. माझ्याच नावानं तिला हाकललंत. दोन्ही वेळा धर्मच म्हणालात. मला विचारलंत का एकदा तरी?"

सगुणेनं दगडावर डोकं ठेवलं. "माझं लेकरू जाईल, आई. उपाय सांग."

"तिला सांगू नकोस काही. ती सांगून शिकली नव्हती, बघून शिकली. आज वार कोणता?"

"मंगळवार."

"महिना कोणता?"

"आषाढ."

म्हातारीनं वेशीतल्या सारवायच्या जागेकडं बोट केलं.

सगुणा तिथून घरी गेली नाही. वेशीबाहेर कोंडाईच्या झोपडीशी गेली. ठकू दारात खेळत होती. तिनं सगुणेला पाहिलं आणि आत पळाली. आतून तिचा आवाज आला, "आजी, देसायाचं माणूस आलंय! दार लाव, दगड मारील!"

कोंडाई बाहेर आली. म्हणाली, "ऐकलंत? हे म्या न्हाई शिकवलं तिला. तुमच्या पोरीच्या दगडानं शिकवलं."

सगुणा म्हणाली, "कोंडाई, मथू अन्न घेत नाही. आज वेशीत पान मांडते. तू ये."

"न्हाई यायची."

"कोंडाई..."

"बाई, पोट दुखलं की माझा हात चालतो. पोट मोकळं झालं की न्हाई चालत. ह्या हातानं तुमची लेक जिवंत केली. बारशाला कुडावरून लुगडं टाकलंत, म्या झेललं. आता पुन्हा गरज पडली म्हणून आलात. मला राग हाय. तो आजच्या आज जायचा न्हाई."

सगुणेला रडू आलं, पण तिनं ते गिळलं. म्हणाली, "तुझं खरं आहे." आणि परत फिरली.

घरी आली. भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. मग गोधडी आणली आणि मथूला गुंडाळून उचलू लागली.

मथू क्षीण आवाजात म्हणाली, "शिवू नको."

"आज शिवणार. मग माझ्यावर हवी तेवढी रागाव."

थोरल्या बाई दारात आडव्या झाल्या. "त्या वेशीत नेशील तर ह्या दारात परत यायचं नाही."

सगुणा म्हणाली, "सासूबाई, ती गेली तर मला हे दार कशाला?" आणि बाजूनं निघाली.

वेशीत तिनं मथूला चौथऱ्यावर टेकवून बसवलं. जागा सारवली, पान मांडलं. पहिली आली देवळाकडं निघालेली सोवळ्यातली बाई. तिनं पान पाहिलं, निऱ्या आवरल्या आणि पलीकडून गेली. मथूनं पाहिलं, आईला कोणीतरी टाकून गेलं. दुसरी आली आंधळी भिकारीण. तिला पिठल्याचा वास ओळखीचा वाटला. ती बसली, जेवली, सगुणेच्या गालावरून हात फिरवून गेली. मथू पाहत राहिली. मग किती तरी वेळ कोणी आलं नाही. उन्हं कलली. पिठलं निवलं.

मग तटाच्या आडून ठकू आली. आजीचा डोळा चुकवून आली होती. भुवईवर खपली होती. ती लांब उभी राहिली.

"तुझ्याकडं दगड हाय?"

मथू म्हणाली, "नाही."

"हात दाखव."

मथूनं गोधडीतून दोन्ही हात काढून दाखवले. काटक्यांसारखे झाले होते.

ठकू दोन पावलं पुढं आली. "तू आजारी हायस?"

"मी जेवत नाही."

"भाकरी न्हाई तुमच्याकडं?"

"आहे."

"मग?"

मथूनं हात गोधडीत घेतले. ठकू पानाशी येऊन बसली, कारण तिला भूक लागली होती. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. सगुणेनंही त्याच पानातला तुकडा मोडला आणि खाल्ला. काही बोलली नाही.

मथू म्हणाली, "मी दगड मारला होता."

"व्हय. लागला मला."

"दुखतं?"

"आता खाजतं."

मथूचा ओठ वाकडा झाला. ती रडू लागली. लहानपणी रडायची तशी, दुसऱ्याला लागलं म्हणून रडली. मग आईला म्हणाली, "आई, तिला शिवले तर देव कोपेल?"

सगुणेनं आता वर पाहिलं. "बाळा, देव कोपलेला मी कधी पाहिला नाही. लोक म्हणत होते म्हणून मीही मान हलवली. मी खोटं बोलले. तू उपाशी आहेस, एवढं मला दिसतंय."

मथूनं डोळे पुसले. ठकूनं गुळाचा खडा मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा तिच्यापुढं धरला. मथूचा हात पुढं आला, मागं गेला. पुढं आला, मागं गेला. ठकूचा हात तसाच राहिला. मग मथूनं तोंडच पुढं केलं आणि खडा घेतला.

तेवढ्यात हाक आली, "ठके!" तटापाशी कोंडाई उभी होती. तिच्या हातात मडकं होतं, मडक्यात ऊन ऊन पेज होती. सगुणा उठून उभी राहिली.

कोंडाई म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई आणली. पोरीसाठी आणलीय." मडकं खाली ठेवलं, ठकूचा हात धरला आणि गेली. जाताना एकदा मागं वळून मथूकडं पाहिलं.

सगुणेनं ती पेज मथूला भरवली. मथूनं आईच्या हातची घेतली. मग रायाजी आला. घरी सगळं ऐकून आला होता. तो वेशीत अवघडून उभा राहिला, पानापासून हातभर लांब बसला. जेवला नाही. पण लेकीला पेज पिताना पाहून त्यानं तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग मथूला खांद्यावर घेऊन तो घराकडं निघाला. थोरल्या बाई दारातच होत्या. त्यांनी नात पाहिली, तिच्या ओठाला लागलेली पेज पाहिली. कुठली ते विचारलं नाही. बाजूला झाल्या.

मथू बरी झाली. पण बायांनो, एका दिवसात सगळं झालं नाही. अनोळखी कोणी आलं की मथूचा हात अजून मागं जाई. मग ती तो पुढं करी. रोज करावं लागे. थोरल्या बाई शेवटपर्यंत त्या पानात बसल्या नाहीत, पण त्यांनी न्हाणीतला घडा पुन्हा कोणावर ओतला नाही. मथू पाच वर्षांची झाली, तिनं वेशीत पहिला घास दिला. त्या आषाढात कोंडाई आली नाही. पुढच्या आषाढात आली, लांब उभी राहिली. त्याच्या पुढच्या आषाढात पानात बसली. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "पिठल्यात अजून मीठ कमीच." सगुणा हसता हसता रडली.

पुढं मथूचं लग्न झालं. सासरी दुसरं नगर, दुसरी वेस, तिथलीही तीच रीत. आषाढ लागला तशी मथू पत्रावळ घेऊन निघाली.

सासू म्हणाली, "सूनबाई, हे कोणत्या पोथीत सांगितलंय?"

मथू म्हणाली, "पोथीत आहे की नाही, मला ठाऊक नाही, आत्याबाई. मी लहानपणी मरायला टेकले होते. तेव्हा माझ्या आईनं माझ्यासमोर बसून हे केलं."

सासूनं पत्रावळीतल्या पिठल्याला बोट लावलं. ते निवलं होतं. मग चुलीशी गेली आणि म्हणाली, "थांब जरा. पिठलं ऊन करून देते."

जशी वेसआई सगुणेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. जशी मथू अन्नाला लागली, तशी तुमची लेकरं अन्नाला लागोत, आणि वेशीबाहेरचीही लागोत. कोणाचा पुढं केलेला हात रिकामा मागं न जावो. साठ उत्तरांची होती, पाच उत्तरांत तुम्हांला सांगितली. वेसआईची कहाणी इथं फळाला आली, पुरी झाली.